डायबेटिसच्या उपचारानं वजन कमी करायचं का? हा वाद १६० वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका माणसामुळे पेटला होता

सोशल मीडिया उघडलं की आजकाल शेजारी-शेजारी लावलेले दोन फोटो दिसतातच. एक आधीचा, एक नंतरचा. आधीच्या फोटोत गोल चेहरा, नंतरच्या फोटोत गालफडं बसलेली. आणि खाली कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, इंजेक्शन घेतलं का?

हे इंजेक्शन म्हणजे ओझेम्पिक, मौंजारो वगैरे. मूळची ही औषधं डायबेटिसची. पण त्यांनी वजनही उतरतं हे लक्षात आलं आणि डायबेटिस नसलेले लोकही ती मागायला लागले. तिथून भांडण सुरू झालं. कुणी म्हणतं, हा शॉर्टकट आहे. कुणी म्हणतं, लठ्ठपणा हा आजारच आहे, मग त्यावर औषध घेतलं तर बिघडलं कुठं? आणि डायबेटिसचे पेशंट विचारतात, तुमच्या हौसेपायी आमचं औषध संपलं तर आम्ही काय करायचं?

हा वाद पाच-सात वर्षांतला वाटतो खरा. पण डायबेटिससाठीचा उपचार डायबेटिस नसलेल्या जाड माणसाला द्यायचा, त्याचं वजन उतरायचं, त्यानं ते जगाला सांगायचं आणि मग डॉक्टर मंडळींनी त्याच्यावर तुटून पडायचं, हे सगळं १८६३ साली लंडनमध्ये एकदा घडून गेलंय.

ज्याच्यामुळे घडलं त्याचं नाव विल्यम बँटिंग.

राजाच्या अंत्ययात्रेचं काम बघणारं घराणं

विल्यम बँटिंग डॉक्टर नव्हता, शास्त्रज्ञ नव्हता, लेखक तर अजिबातच नव्हता. १७९६ साली जन्मलेला हा माणूस अंत्यविधींची व्यवस्था करायचा. शवपेटी बनवण्यापासून अंत्ययात्रेचा थाटमाट सांभाळण्यापर्यंत सगळी कामं त्याच्या फर्मकडे असायची.

आणि गिऱ्हाईकही साधंसुधं नव्हतं. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या या बँटिंग घराण्याकडे ब्रिटिश राजघराण्याचं काम होतं. तिसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज अशा राजांच्या अंत्यविधींत हे घराणं होतं. नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन १८५२ मध्ये गेला, त्याच्या अवाढव्य अंत्ययात्रेचं कामही त्यांचंच. १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला, तेव्हाही बँटिंगच. पुढं १९०१ मध्ये खुद्द राणीच्या अंत्यविधीचं काम याच घराण्याकडे आलं.

थोडक्यात, माणूस खाऊनपिऊन सुखी, समाजात प्रतिष्ठा असलेला आणि कामात काटेकोर. पन्नास वर्षं धंदा करून तो निवृत्त झाला होता. एकच गोष्ट त्याच्या हातात नव्हती. त्याचं वजन.

बुटाची नाडी बांधता येईना

बँटिंगच्या आईवडिलांकडच्या कुणालाच लठ्ठपणा नव्हता. त्याला स्वतःला तरुणपणापासून जाड होण्याची धास्ती होती. तरी तिशी ओलांडल्यावर अंग सुटायला लागलं.

त्यानं डॉक्टर मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, व्यायाम कर. बँटिंग नदीजवळ राहायचा. त्यानं एक भक्कम होडी घेतली आणि रोज पहाटे दोन-दोन तास वल्ही मारायला लागला. अंगात ताकद आली, पण भूकही अशी खवळली की तो आणखी खायला लागला आणि वजन उलट वाढलं. शेवटी त्याच मित्रानं सांगितलं, बाबा रे, होडी बंद कर.

मग सुरू झाली वर्षानुवर्षांची वणवण. घोडेस्वारी केली. समुद्रकिनारी जाऊन राहिला. लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट इथल्या औषधी झऱ्यांचं पाणी पिऊन झालं. औषधं झाली, उपासमार झाली. टर्किश बाथच्या वाफेत कितीतरी वेळा घाम गाळला, त्यातून उतरलं किती तर जेमतेम सहा पौंड, म्हणजे तीन किलोसुद्धा नाही.

ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्याची उंची होती पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. आजच्या हिशेबानं बीएमआय ३३ च्या पुढं. वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. गुडघ्यांवर भार नको म्हणून जिना उतरताना तो उलटा, पाठीमागे पाय टाकत हळूहळू उतरायचा. बेंबीच्या हर्नियाचा त्रास वेगळा. नजर कमी झालेली, ऐकू कमी यायला लागलेलं.

आणि या सगळ्याच्या वर लोकांचं हसणं. रस्त्यात, गाडीत, सभेत लोक शेरे मारायचे. बसायला पुरेशी जागा मिळेल का या काळजीनं आणि या टोमण्यांना कंटाळून तो चारचौघांत जायचं टाळायला लागला. देशातल्या बड्या लोकांच्या अंत्ययात्रा दिमाखात पार पाडणारा हा माणूस साध्या घोडागाडीत चढायला लाजायचा.

लोकांचा समज काय, तर हा आळशी असणार किंवा खादाड असणार. बँटिंगचं दुःख नेमकं हेच होतं. तो आळशी नव्हता आणि त्याच्या मते तो इतरांपेक्षा फार जास्त खातही नव्हता. डॉक्टरांकडे जावं तर कुणी मनावरच घ्यायचं नाही. वय झालं की अंग सुटायचंच, असं सांगून त्याची बोळवण व्हायची.

कानाचा डॉक्टर आणि पॅरिसमधलं व्याख्यान

गोष्ट फिरली ती कानामुळे. ऐकू येईना म्हणून ऑगस्ट १८६२ मध्ये तो लंडनच्या सोहो स्क्वेअरमधल्या एका कानाच्या सर्जनकडे गेला. त्याचं नाव विल्यम हार्वी. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वी तो हा नव्हे, तो दोनशे वर्षं आधीचा.

हार्वीनं कान तपासला आणि सांगितलं, खरा त्रास कानात नाही, चरबीत आहे.

हे त्याला कसं सुचलं? तर १८५६ मध्ये हार्वी पॅरिसला गेला होता. तिथं क्लोद बर्नार या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाची व्याख्यानं त्यानं ऐकली. शरीरातली साखर फक्त खाण्यातून येत नाही, यकृतही साखर तयार करतं, हे बर्नारनं दाखवून दिलं होतं. त्याच्या व्याख्यानांचा विषय होता यकृत आणि डायबेटिस.

त्या काळी इन्सुलिन नव्हतं. डायबेटिसवर हाताशी असलेला उपचार म्हणजे पथ्य. गोड आणि पिठूळ पदार्थ बंद, मांस चालू. जॉन रोलो नावाच्या स्कॉटिश लष्करी डॉक्टरनं १७९७ मध्येच असं पथ्य मांडलं होतं.

हार्वीनं दोन गोष्टी जोडल्या. डायबेटिसच्या पेशंटची साखर आणि पीठ तोडलं की फायदा होतो. दुसरीकडं, जनावरं पोसून जाड करायची तर त्यांना हेच पिठूळ, गोड खाद्य घालतात. मग डायबेटिसचं पथ्य जाड माणसाला दिलं तर?

आज जे ओझेम्पिकबाबत घडलं, त्याच वळणाचा हा विचार होता. उपचार एका आजाराचा, वापर दुसऱ्यासाठी.

ताटातून काय गेलं

बँटिंगचं आधीचं खाणं बघा. सकाळी भरपूर दूध-साखर घातलेला चहा आणि लोण्याचा टोस्ट, नाहीतर ब्रेड आणि दूध. दुपारी मांस, बिअर, ढीगभर ब्रेड आणि पेस्ट्री. संध्याकाळी पुन्हा चहा-टोस्ट. रात्री फळांचा गोड टार्ट.

हार्वीनं यातले ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे काढून टाकले. नवीन पथ्यात तीन वेळा मोजून मांस किंवा मासे, त्यातही डुकराचं मांस नाही. बटाटा सोडून भाज्या, थोडी फळं, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा आणि एखादा औंस कोरडा टोस्ट. गंमत म्हणजे वाईनचे दोन-तीन ग्लास चालत होते, झोपताना बिनसाखरेची व्हिस्की किंवा ब्रँडीसुद्धा. आजचा कुठलाही डॉक्टर या भागावर काट मारेल.

सुरुवातीला वजन हळूच हललं. दोन आठवड्यांत दोन पौंड. मग उतरतच गेलं. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे साधारण २१ किलो कमी झालं आणि कंबर सव्वाबारा इंचांनी. जिना तो सरळ उतरायला लागला. बुटाची नाडी स्वतः बांधायला लागला. ऐकूसुद्धा बरं यायला लागलं.

स्वखर्चानं छापलेलं व्हायरल पत्र

आता याच्या जागी दुसरा असता तर गप्प बसला असता. बँटिंगनं १८६३ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. जनतेला उद्देशून लठ्ठपणावर लिहिलेलं पत्र, असं तिचं स्वरूप. स्वतःच्या पैशानं छापली आणि फुकट वाटली. आपण भोगलं ते दुसऱ्या जाड माणसानं भोगू नये, एवढाच हेतू.

पुस्तिकेत त्यानं काय खायचो, काय खातो आणि वजन कधी किती भरलं याचा हिशेबच मांडला. एक उपमाही दिली. जे खाद्य तरुण घोड्याला मानवतं तेच म्हाताऱ्या घोड्याला बाधतं, तसंच हे ब्रेड-साखरेचं.

फुकटच्या प्रती संपल्या, मागणी थांबेना. पुढच्या आवृत्त्या विकत निघाल्या, हजारोंनी खपल्या. पैसे त्यानं दानधर्माला दिले. पुस्तिकेची इतर युरोपीय भाषांत भाषांतरं झाली. त्याच्या नावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. डाएट करताय का, हे विचारायला लोक बँटिंग करताय का, असं विचारायला लागले. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही बांता म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत लो-कार्ब आहाराला आजही बँटिंग म्हणतात.

पण इथं एक मोठी गोची झाली.

पहिल्या आवृत्तीत त्यानं डॉक्टरचं नावच दिलं नव्हतं. लोक विचारायला लागले तेव्हा पुढच्या आवृत्तीत हार्वीचं नाव आलं. पण तोवर नाव झालं होतं ते बँटिंगचं. ज्यानं पेशंटला तपासलं, पथ्य ठरवलं तो डॉक्टर मागे पडला आणि ज्याला गुण आला तो पेशंट पुढे आला. लोकांच्या हातात कागद होता, त्यावर खाण्याची यादी होती. आपल्याला ते झेपेल का हे सांगणारा डॉक्टर त्या यादीसोबत मिळत नव्हता.

डॉक्टर का चिडले?

वैद्यकीय वर्तुळात टीकेचा भडिमार झाला. लॅन्सेटसारख्या नावाजलेल्या नियतकालिकानं डॉक्टर नसलेल्या माणसानं यात पडू नये, असा सूर लावला. ब्लॅकवूड्स मासिकानं नोव्हेंबर १८६४ मध्ये त्याच्यावर लांबलचक लेख छापला. विनोदी मासिकांना तर आयता विषय मिळाला. हार्वीलाही त्याच्या व्यवसायातल्या लोकांची टिंगल सोसावी लागली.

टीकाकारांचे मुद्दे साधारण असे होते. यात नवीन काहीच नाही. एका माणसाला गुण आला म्हणून सगळ्यांना येईल कशावरून? इतकं मांस खाऊन दुसरंच काही बिघडलं तर? आणि वैद्यकीय सल्ला दुकानात पुस्तिकेसारखा विकायची गोष्ट आहे का?

यातला काही भाग निव्वळ अहंकार होता. ज्या डॉक्टरांनी बँटिंगला वर्षानुवर्षं हात हलवत परत पाठवलं, त्यांच्यातलेच लोक आता त्याला गप्प बस म्हणत होते. पण दुसरा भाग खरा होता. हार्वीची थिअरी अर्धवट होती, कारण डायबेटिस नेमका कशामुळे होतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुरावा म्हणून हातात होता एक माणूस आणि त्याचा वजनकाटा.

हार्वीनं १८७२ मध्ये लठ्ठपणा आणि आजार यांच्या संबंधावर स्वतःचं पुस्तक काढून आपली बाजू शास्त्रीय भाषेत मांडली. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते बँटिंगचंच.

शेवट आणि एक योगायोग

बँटिंग पुढंही आपल्या पथ्यावर राहिला, १८६९ मध्ये पुस्तिकेची चौथी आवृत्ती काढली. १६ मार्च १८७८ रोजी तो वारला, तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचा होता. आजच्या लो-कार्ब, कीटोवाल्या मंडळींच्या वंशावळीत त्याचं नाव सगळ्यात वरच्या फांद्यांवर घेतलं जातं.

आता योगायोग बघा. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरोंटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागला. डायबेटिसच्या पेशंटला नुसत्या पथ्यावर जगवण्याचा काळ संपला. या शोधासाठी १९२३ चं नोबेल मिळालेल्या डॉक्टरचं नाव फ्रेडरिक बँटिंग. विल्यम बँटिंगचा तो दूरचा नातलग असल्याचं सांगितलं जातं. म्हणजे एका बँटिंगनं डायबेटिसचं पथ्य वजनासाठी घराघरात नेलं आणि दुसऱ्या बँटिंगनं डायबेटिसवरचं खरं औषध दिलं.

मग आजच्या वादात बँटिंग कुणाच्या बाजूचा?

खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंना त्याच्याकडून शिकायला आहे.

आजचं औषध आणि तेव्हाचं पथ्य यातला पहिला फरक पुराव्याचा. सेमाग्लुटाइड, म्हणजे ओझेम्पिकमधलं औषध, आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या हार्मोनसारखं काम करतं. साखर वाढली की इन्सुलिन वाढवतं, पोट हळू रिकामं होतं, मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. अमेरिकेत २०१७ मध्ये ते डायबेटिससाठी मंजूर झालं आणि २०२१ मध्ये जास्त डोसमध्ये, वेगोवी या नावानं, वजनासाठी. त्याआधी १९६१ लोकांवर चाचणी झाली. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास घटलं, नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेणाऱ्यांचं अडीच टक्क्यांच्या आत. बँटिंगकडे एक माणूस होता, इथं जवळपास दोन हजार आहेत.

याच चाचणीतल्या काही लोकांचं औषध थांबवल्यावर वर्षभरानं पुन्हा वजन केलं, तर उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणजे हा महिन्या-दोन महिन्यांचा खेळ नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास बऱ्याच जणांना होतात, पित्ताशयाचे खडे किंवा स्वादुपिंडाला सूज असे गंभीर त्रास थोड्यांना. चरबीसोबत स्नायूही उतरतात. म्हणूनच डोस हळूहळू वाढवायचा असतो आणि डॉक्टरांचं लक्ष लागतं.

दुसरा फरक आणखी महत्त्वाचा. बँटिंगनं मटण खाल्लं म्हणून लंडनमधल्या कुठल्या डायबेटिस पेशंटचं पथ्य बंद पडलं नाही. इंजेक्शनचं तसं नाही. २०२२ नंतर अमेरिका, ब्रिटनसह अनेक देशांत तुटवडा झाला आणि ज्यांची साखर या औषधावर टिकून होती त्यांना दुकानं पालथी घालावी लागली. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जून २०२५ मध्ये भारतात आलं. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, म्हणजे त्यापुढं स्वस्त देशी पर्यायांचा रस्ता मोकळा. औषध स्वस्त होणं चांगलंच आहे. पण लग्नाच्या आधी पाच किलो उतरवायला म्हणून ते कुणाच्या तरी ओळखीनं आणून टोचणं वेगळं आणि गुडघे, बीपी, हृदय धोक्यात असलेल्या माणसाला डॉक्टरनं देणं वेगळं.

बँटिंगच्या आयुष्यातून कळतं ते हेच. जिना उलटा उतरणाऱ्या माणसाला आळशी म्हणून हसणं हा उपचार नाही. तेव्हाही नव्हता, आताही नाही. त्यानं पहाटे उठून होडी वल्हवली होती, उपाशी राहिला होता, आणि तरी वजन उतरलं नव्हतं. अशा माणसाला जेव्हा खरा उपचार मिळतो, तेव्हा त्याला शॉर्टकट म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः कधी त्या जिन्यावर उभे राहिलेले नसतात.

पण त्याच्या पुस्तिकेचं जे झालं तेही विसरून चालणार नाही. लोकांनी यादी घेतली, डॉक्टर मागे राहिला. तेव्हा बारकी पुस्तिका होती, आता तीस सेकंदांची रील आहे. दोन्हीत नंतरचा फोटो दिसतो, तपासणीचा रिपोर्ट दिसत नाही.

म्हणून पुढच्या वेळी असा फोटो समोर आला तर माणसाला नावं ठेवू नका, आणि त्याचं औषध बघून मेडिकलमध्येही जाऊ नका. बँटिंगला गुण आला त्याची सुरुवात एका डॉक्टरनं त्याला तपासण्यापासून झाली होती. पहिल्या आवृत्तीत छापायचं राहून गेलेलं नाव त्याच डॉक्टरचं होतं.